संविधानातलं एक वाक्य आणि शाळेतली खिचडी

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारची सुट्टी झाली की पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसतात. कधी वरण-भात, कधी मटकीची उसळ, कधी खिचडी. गावात मात्र सगळ्याला 'खिचडी' हेच नाव पडलंय. ही खिचडी आली कुठून, असं विचारलं तर कुणीही सांगेल, सरकारची योजना आहे. ते खरंय, पण अर्धं. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू केली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न मिळतच नव्हतं. महिन्याला तीन किलो धान्य मिळायचं, तेही ८० टक्के हजेरी भरली तर. आज ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यातले कितीतरी जण स्वतः पिशवी घेऊन तो तांदूळ आणायला गेलेले आहेत. तांदूळ घरी यायचा, सगळ्यांसाठी शिजायचा, पोराच्या वाट्याला किती आला हे कुणी मोजत नव्हतं.

पिशवीची ताटली झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने. आणि गंमत अशी, की ज्या वाक्याच्या आधारावर हा आदेश निघाला त्या वाक्यात जेवण, शाळा, लेकरू, धान्य यातला एकही शब्द नाही. मग न्यायाधीशांनी खिचडी काढली कुठून? हे समजलं तर कोर्ट म्हणजे काय आणि आपले हक्क कसे वाढतात, कसे आकसतात, हे बऱ्यापैकी समजतं.

कागद तोच, विहीर तीच

आधी गावातलंच एक उदाहरण घेऊ. दोन भावांची वाटणी झाली. सामाईक विहीर. वाटणीपत्रात आजोबांनी लिहून ठेवलं, 'विहिरीवर आठ-आठ दिवसांच्या पाळीने दोघांनी मोट चालवावी.' त्या काळी मोटेने आठ दिवस पाणी उपसलं तरी विहिरीचा तळ दिसत नव्हता. पुढं वीज आली. थोरल्याने दहा एचपीची मोटर बसवली आणि आपल्या पाळीत विहीर कोरडी केली. धाकटा पंचांकडे गेला. थोरला म्हणतो, कागदात आठ दिवस लिहिलंय, मी आठच दिवस मोटर चालवली. धाकटा म्हणतो, आजोबांना दोघांना सारखं पाणी द्यायचं होतं.

कागदात मोटरचा म सुद्धा नाही. आता पंचांनी काय करायचं? अक्षर धरलं तर थोरला बरोबर. हेतू धरला तर धाकटा. संविधानाचा अर्थ लावणं म्हणजे याच जातीचं काम. कागद १९५० सालचा आहे, आणि त्यानंतर देशात मोटरी बऱ्याच आल्या.

ज्या वाक्याबद्दल बोलतोय ते म्हणजे अनुच्छेद २१. इंग्रजीत मोजून १८ शब्द. साध्या भाषेत अर्थ असा, की कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. बस्स, एवढंच.

हे वाक्य लिहितानाही घटना समितीत बरीच ओढाताण झाली होती. काहींना अमेरिकेसारखे शब्द हवे होते, म्हणजे कायदा आहे का एवढंच न बघता तो कायदा न्याय्य आहे का, हेही न्यायाधीशांना तपासता आलं असतं. दुसरे म्हणत होते, लोकांनी निवडून दिलेल्या संसदेचा कायदा चार-पाच न्यायाधीशांनी का फेकून द्यावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ डिसेंबर १९४८ ला दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढं मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने आखूड शब्द ठेवले.

संविधान लागू झालं त्याच वर्षी कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांचं प्रकरण आलं. खटला न चालवता त्यांना मद्रासच्या तुरुंगात ठेवलं होतं. ते म्हणाले, ही कसली पद्धत? न्यायालयाने बहुमताने सांगितलं, संसदेने कायदा केलाय, त्यात पद्धत लिहिलीय, ती पाळली म्हणजे झालं. पद्धत चांगली की वाईट हे आम्ही बघायचं नाही. थोरल्या भावासारखंच झालं हे, आठ दिवस लिहिलंय ना, मग आठ दिवस.

वाक्य पार आकसलं तो दिवस

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. ज्या गावात कुणी मिसाखाली आत गेलं होतं, त्या गावात जुन्या माणसांना तो काळ आठवतो. पहाटे पोलीस यायचे, कारण सांगायचे नाहीत. घरच्यांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत अर्ज केले, की आमचा माणूस कुठंय आणि का धरलाय ते सांगा. नऊ उच्च न्यायालयांनी हे अर्ज ऐकून घेता येतात असा निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या वकिलाला सरळ प्रश्न टाकला. एखाद्या पोलिसाने खासगी वैरातून कुणाला मारून टाकलं, तरी दाद मागता येणार नाही का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. चौघांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. एकट्या खन्नांनी विरोधात लिहिलं. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती, सरकारने त्यांना डावलून दुसऱ्याला बसवलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, हे विसरता कामा नये. ज्या चौघांनी सरकारची बाजू धरली त्यात पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरच्या घराण्यातले यशवंत विष्णू चंद्रचूड होते. दुसरे होते पी. एन. भगवती. ही दोन नावं ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहेत.

आणीबाणी उठली, सरकार बदललं. जुलै १९७७ मध्ये नव्या सरकारने मनेका गांधी यांचा पासपोर्ट जप्त केला. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, लोकहितासाठी कारण सांगता येत नाही. २५ जानेवारी १९७८ ला सात न्यायाधीशांनी निकाल दिला. त्यात भगवतींनी गोपालनच्या वेळचा अर्थ बाजूला सारला. कायद्यात पद्धत लिहिलीय एवढ्याने भागत नाही, ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी पाहिजे. म्हणजे घटना समितीने जे शब्द घातले नव्हते त्यांचं काम न्यायाधीशांनी आहे त्याच शब्दांतून करून घेतलं. हे बरोबर केलं की मर्यादा ओलांडली, यावर वकील मंडळी आजही भांडतात. खेड्यातल्या माणसाने एवढं लक्षात ठेवावं, की नोटीस द्या, ऐकून घ्या, कारण लिहा, ही मागणी तो आज तहसीलदारापुढं करू शकतो ती बऱ्याच अंशी या पासपोर्टच्या भांडणामुळं.

संगमनेरचा माणूस आणि तुळशीवाडीचा फुटपाथ

सरकारला आपली चूक कळली असो वा नसो, न्यायाधीशांना कळली असावी, असं पुढच्या काही वर्षांचे निकाल बघून वाटतं. त्यातला आपल्या राज्याशी सगळ्यात जवळचा निकाल ओल्गा टेलिस प्रकरणाचा. ओल्गा टेलिस या मुंबईच्या पत्रकार.

१३ जुलै १९८१ ला, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. या निकालाच्या कागदांत एका अर्जदाराची हकीगत आहे. तो अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. गावात चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावातलं घर पडलं. १९६९ ला मुंबई गाठली, महिना साडेतीनशेवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळाली, त्यासाठी तिथल्या गुंडाला तीनशे रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकला सातशे गेले. म्हणजे झोपडीत जवळपास तीन महिन्यांचा पगार घातला होता, आणि सरकार म्हणत होतं, उचल आणि गावी जा. गावी तर घरच राहिलं नव्हतं.

वकिलांनी मुद्दा मांडला तो साधा होता. फुटपाथवरून हलवलं तर काम जातं, काम गेलं तर पोट जातं, पोट गेलं तर जीव. मग 'जीवित' या शब्दात पोटापाण्याचं साधन येतं की नाही?

१० जुलै १९८५ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं, येतं. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी, निवृत्तीच्या एक दिवस आधी. ज्या चंद्रचूडांनी १९७६ ला हेच वाक्य आखडून टाकलं होतं, तेच नऊ वर्षांनी म्हणाले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आहे.

पण त्या संगमनेरच्या माणसाला मिळालं काय? इथं बातम्या नेहमी अर्धवट सांगतात. फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाही नाही, पालिकेला हटवता येईल, असंही त्याच निकालात आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात आयुक्ताला नोटीस न देता अतिक्रमण काढता येईल असं कलम होतं. न्यायालयाने ते रद्द केलं नाही, पण अर्थ असा लावला की 'नोटीस न देता काढता येईल' म्हणजे 'नोटीस द्यायचीच नाही' असं नव्हे, अपवाद सोडला तर नोटीस द्यावीच लागेल. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हलवू नका म्हणाले. १९७६ च्या गणतीचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्या म्हणाले. एवढंच. तत्त्व मोठं निघालं, पदरात थोडं पडलं. कोर्टात असं पुष्कळदा होतं. पण ते तत्त्व वाया गेलं नाही.

खिचडीपर्यंत

२००१ ला राजस्थानात दुष्काळ होता आणि तिकडं अन्न महामंडळाची गोदामं धान्याने भरून वाहत होती. धान्य भिजत होतं, उंदीर खात होते, माणसं उपाशी होती. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९८५ ला जीवितात उपजीविका आलीय, तर अन्न का नाही?

न्यायालयाने एकदम मोठं भाषण केलं नाही. एकेक योजना घेतली आणि म्हणालं, ही आता सरकारची मेहेरबानी नाही, लोकांचा हक्क आहे, ती सरकारला बंद करता येणार नाही. शाळांसाठी आकडेच घालून दिले. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. तीन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यांत, पुढच्या तीन महिन्यांत उरलेल्या जिल्ह्यांत. तमिळनाडूसारखं एखादं राज्य आधीपासून शिजवून देत होतं, म्हणजे जमत नाही म्हणायला जागा नव्हती.

तरी बऱ्याच राज्यांनी मुदत पाळली नाही. न्यायालयाला परत परत आदेश काढावे लागले, देखरेखीला आयुक्त नेमावे लागले. २० एप्रिल २००४ च्या आदेशात आणखी दोन गोष्टी आल्या. स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायचं. आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवायचं. दुसरी गोष्ट आपल्याकडं दुष्काळ जाहीर झाला की आजही कामाची आहे. पहिल्या गोष्टीवरून काही गावांत तणाव झाले, पोरांना घरून डबे दिले गेले, हेही देशात घडलेलं आहे. एका पंगतीत कुणी कुणाच्या हातचं खायचं, हे न्यायाधीशांच्या आदेशाने चुलीपर्यंत आलं.

२०१३ ला संसदेने अन्नसुरक्षा कायदा केला आणि शाळेतलं जेवण कायद्यातच लिहिलं गेलं. स्वयंपाक करणाऱ्या बायांचं मानधन मात्र अजून महिनोन्‌महिने थकतं, त्यासाठी कोणत्या अनुच्छेदात जावं लागणार कोण जाणे.

आता जमिनीचं

इथवर वाचून एखादा म्हणेल, हे ठीक, पण आमच्या रस्त्यात गेलेल्या जमिनीचं काय? प्रश्न रास्त आहे, कारण जमिनीचा प्रवास उलटा झालाय. मूळ संविधानात मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो काढला आणि २० जून १९७९ पासून अनुच्छेद ३०० क मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला. कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच तिथं म्हटलंय. फरक असा, की मूलभूत हक्कासाठी सरळ सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, याच्यासाठी आधी उच्च न्यायालय. त्याच दुरुस्तीने, आणीबाणीतही अनुच्छेद २१ बंद ठेवता येणार नाही, असंही केलं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढलं म्हणा.

पण या आखूड वाक्याचाही अर्थ न्यायाधीशांनी ताणला. हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यातली एक विधवा बाई. लिहितावाचता येत नाही. १९६७-६८ ला राज्याने तिची ३.३४ हेक्टर, म्हणजे सव्वाआठ एकर जमीन रस्त्यासाठी घेतली. ना अधिसूचना, ना निवाडा, ना मोबदला. शेजारचे कोर्टात गेले आणि त्यांना पैसे मिळाले, हे कळल्यावर ती २०१० ला उच्च न्यायालयात गेली. तिथं सांगितलं, दिवाणी दावा करा. सर्वोच्च न्यायालयात सरकारने काय म्हणावं? की इतकी वर्षं रस्ता आमच्या ताब्यात आहे, त्यामुळं प्रतिकूल ताब्याने जमीन आमचीच झाली. बांध कोरणारा भाऊबंद जो मुद्दा मांडतो तोच!

८ जानेवारी २०२० ला निकाल आला. सरकारने आपल्याच नागरिकाची जमीन बळकावून प्रतिकूल ताबा सांगायचा, हे कायद्याच्या राज्यात चालणार नाही. उशिराचा मुद्दाही फेटाळला, कारण रोज चालू असलेल्या अन्यायाला आणि अडाणीपणाचा फायदा घेणाऱ्याला ती सबब मिळत नाही. शेजाऱ्यांना मिळाला तसा मोबदला आठ आठवड्यांत, शिवाय दहा लाख रुपये खर्च. बाई तेव्हा ऐंशीच्या आसपास होती. जमीन गेली तेव्हा ती अठ्ठाविशीच्या आतबाहेर असणार.

१६ मे २०२४ ला कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढं गेलं. ३०० क च्या पोटात सात गोष्टी आहेत म्हणालं: नोटीस, हरकत ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, ठरल्या वेळेत काम, आणि शेवटी प्रत्यक्ष ताबा घेऊन प्रक्रिया पुरी करणं. यातली एक जरी सुटली तर संपादनाला आव्हान देता येतं. गावात मोजणीवाले आले की हे सात शब्द फोनमध्ये जपून ठेवावेत.

कोर्टात गेलं की मिळतंच, असं मात्र कुणी समजू नये. सगळे उशीर माफ होत नाहीत. मोबदला उचलून वीस वर्षांनी जागे झालेले पुष्कळ जण हात हलवत परतलेत.

बापाचा निकाल, लेकाचा निकाल

राहिली १९७६ ची गोष्ट. तो निकाल ४१ वर्षं कागदावर तसाच उभा होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याही निकालाचा पाया तेच १८ शब्द. त्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं की १९७६ चे चारही बहुमताचे निकाल गंभीर चुकीचे होते, आणि ते रद्द केले. चौघांत एक त्यांचे वडील. जीव आणि स्वातंत्र्य हे माणसाला संविधानाने दिलेलं दान नाही, ते आधीपासूनच त्याचं आहे, अशी खन्नांची भूमिका अखेर खरी ठरली. खन्ना ते बघायला नव्हते, २००८ ला गेले.

ज्यांना अशी दाद मागायचीय त्यांनी हे बघून ठेवावं. अनुच्छेद २२६ खाली रिट अर्ज उच्च न्यायालयात करता येतो, त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. बाईमाणूस, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, लहान मुलं आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय विधी सेवेचा नंबर १५१०० आहे. जाताना सातबारा, फेरफार आणि मिळालेली प्रत्येक नोटीस सोबत न्यावी. नोटीस मिळालीच नसेल तर तेही अर्जात लिहावं. हमीरपूरच्या बाईकडं तरी कुठं होती?